एका मुडीवर उभं राहिलेलं खाजन

समई घासायला घेतली होती. वरचा दांडा चिंच लावून लख्ख झाला होता, खालची बैठक अजून काळीच होती, तेवढ्यात अंगणातून हाक आली, "चंद्रावतीबाय हांगाच रावता मगो?"

चिंचेच्या हातांनी तशीच उठले. दारात साठीचे एक गृहस्थ उभे, काखेत छत्री, अंगावर बसची धूळ. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून आले होते. गेल्या पावसात त्यांच्याकडचा बांध फुटला आणि शेतात खाडीचं पाणी शिरलं. बांध आता परत बांधून झाला, पण पेरायला बी नाही. कोरगावात चंद्रावती नावाची बाई आहे, तिच्याकडे कोरगुट भाताचं बी मिळतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

चंद्रावती म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला वहिनी म्हणते. ती बांधावर गेली होती. निरोप पाठवल्यावर चिखलाच्या पायांनी आली, ओटीच्या खाली उभी राहूनच सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या मीच घेऊन येतंय बियाची मुडी. तुमचो बांध बघल्याशिवाय बी देवचंय नाय."

गृहस्थ चहा पिऊन गेले. समई तशीच राहिली. मी जुनी वही काढून बसले.

माझी वही म्हणजे काही मोठं लिखाण नाही. लग्नाच्या आधीपासूनची सवय: आजची तिथी, देवाला नैवेद्य काय केला, घरी कोण आलं, कोण गेलं. एवढंच. पण पाच वर्षांपूर्वीची, सत्त्याऐंशी सालची वही चाळताना वाटलं की पानापानावर विखुरलेली वहिनीची हकीगत एकदा एका जागी लिहून ठेवावी. ती स्वतः काही सांगायची नाही. तिला विचारलं तर म्हणते, "त्यात काय सांगूचा? शेत केलां."

मी फोंड्याकडची. आमच्याकडे माडपोफळींचं कुळागर, झऱ्याचं गोड पाणी आणि हाकेच्या अंतरावर देवळं. चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन पेडण्यात या कोरगावात आले तेव्हा खाजन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. खाडीच्या काठाची, भरतीच्या पाण्याहून खाली असलेली जमीन म्हणजे खाजन. तिच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा लांबच लांब बांध. बांधात एका ठिकाणी लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरती आली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. माणसाचा हात लागायला नको. बांध फुटला मात्र सगळंच गेलं.

आमचे सासरे महादेव हे भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, कूळ म्हणून ही जमीन कसायचे. कूळकायद्याने ती पुढे त्यांच्या नावावर झाली. मुलगे दोन, पण शेतात कुणीच रमलं नाही. थोरले पांडुरंगभावजी साखळी गावाकडे खाणीच्या ट्रकवर, शनिवारी घरी येणार. धाकटे कृष्णनाथ, म्हणजे आमचे हे, पेडण्याच्या शाळेत मास्तर. मग मामंजींनी थोरल्या सुनेलाच हाताशी धरलं. रोज बांधावर न्यायचे. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात. ती कुठे आहेत, मुठीने माती कशी ठासायची, पाऊल टाकताना बांध आतून पोकळ वाजतो तो कसा ओळखायचा, सगळं तिला शिकवलं. तिची शाळा तिसरीपर्यंतची. बांधाची शाळा मात्र तिने पुरी केली.

त्या काळात सगळ्यांनी ज्योती नि जया ही सरकारी वाणाची भातं लावायला सुरुवात केली होती. पीक जास्त, म्हणून कोरगुट मागे पडलं. कोरगुट हे खाजनातलं जुनं भात: उंच, लांब कुसळांचं, आतला दाणा तांबूस. खत मागत नाही आणि थोडं खारं पाणी त्याला सोसतं. मामंजी दरवर्षी एक कोपरा कोरगुटाचा ठेवायचे. ते गेल्यावर वहिनीने ठेवला. गाव हसायचं. "म्हाताऱ्याचां भात रांधतंस काय गो अजून?" ती म्हणायची, "तुमका वाढूक नाय मां? मगे गप ऱ्हवा."

शहाऐंशीच्या श्रावणात बांध फुटला. त्याच्या आधी दोन वर्षं बांध राखणारा माणूस बंद केला होता, कारण त्याचा वर्षाचा भाताचा वाटा द्यायला प्रत्येक घराला जड जात होतं. वहिनी आपल्या वाटणीचा तुकडा बघायची, पण बांध सगळ्यांचा. कुठल्याशा कुर्लीचं बीळ मोठं झालं आणि पुनवेच्या उधाणाने एका भरतीत दोन माणसं आडवी झोपतील एवढं भगदाड पाडलं. उभी ज्योती आठ दिवसांत पिवळी पडली. दिवाळीपर्यंत आमच्या वाड्यावरच्या विहिरीचं पाणीसुद्धा खारट झालं. आम्ही बायका डोंगराच्या झऱ्यावरून घागरी आणायला लागलो.

माघात देवळाच्या सभामंडपात बांधाच्या कमिटीची सभा झाली. अध्यक्ष बाबुरावकाका. बाहेरचा एकजण खाजन दहा वर्षांसाठी भाड्याने मागत होता. तिथे त्याला कोळंबीचं तळं करायचं होतं, आणि भाड्याचा कागदही त्याने काकांकडे देऊन ठेवला होता. म्हणजे बांध फुटलेलाच ठेवायचा, उलट आणखी उघडायचा. पण सभा त्या विषयापर्यंत पोचेचना. राजभाषेचा कायदा नुकताच झाला होता आणि सभेचा वृत्तांत मराठीत लिहायचा की कोंकणीत यावर दीड तास वाद चालला. आमच्या ह्यांनीच तो सुरू केला होता, हे मी खरं तेच लिहिते. शेवटी बायकांच्या बाजूने वहिनी उठली आणि ह्यांना म्हणाली,

"भावजी, भरतीक खंयची भास कळता, ती आधी विचारून येवा. तिका जी कळता ती लिवा. तोवर बांधाचा बोलूया."

सभा हसली. बाबुरावकाकाही हसले, पण मग म्हणाले, "चंद्रावती, बोलूचा काय? खाऱ्या जमनीत आता तुझो सासरो येऊन भात पेरतलो?"

"सासरो नाय. मी पेरतंय."

"बरां," काका म्हणाले. "दसऱ्याच्या दिसा खाजनात भात उभां दिसलां, तर कागद फाडून टाकतंय. नाय दिसलां, तर दसरो झाल्यार सह्यो. आनी मगे रडूचा नाय."

वृत्तांत शेवटी कुठल्या भाषेत लिहिला गेला ते मला ठाऊक नाही. पण हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. दसऱ्याला भात उभं दिसलं नाही तर मामंजींची जमीन दहा वर्षं पाण्याखाली जाणार, आणि दहा वर्षांनी तिथे बांध कुठे होता हेही कुणाला सांगता यायचं नाही.

आता माझी चूक लिहिते. टाळून चालणार नाही.

आमच्या चुलीवरच्या माळ्यावर दोन मुड्या टांगलेल्या असत. मुडी म्हणजे गवताच्या दोरीने घट्ट विणून बांधलेला भाताचा गोळा. धुराने काळ्या झालेल्या. मला वाटे, जुनं भात असेल, कधीतरी खायला ठेवलेलं. अक्षय तृतीयेला वहिनी भाच्याच्या मुंजीसाठी माहेरी गेली होती. दुकानातला तांदूळ मला वासाचा वाटला. देवाच्या खिरीला असला तांदूळ नको म्हणून मी एक मुडी खाली काढली, सोडली आणि गिरणीवरून भरडून आणली. खीर केली, वाड्यावर दोन घरांत प्रसादाला तांदूळही दिले. मन भरून आलं होतं.

तिसऱ्या दिवशी वहिनी आली. पाय धुऊन देवाला नमस्कार केला. मी प्रसादाची म्हणून पुन्हा केलेली खीर वाटीत घालून दिली. तिने एक घास घेतला आणि वाटीत बघत राहिली.

"तांबडो तांदूळ खंयचो गो ह्यो?"

मी कौतुकाने सांगितलं, "माळ्यावरच्या मुडीतला. देवाला घरचाच बरा."

वहिनीने मान वर करून माळ्याकडे पाहिलं. एकच मुडी लटकत होती. तिने वाटीतली खीर शेवटच्या शितापर्यंत खाल्ली, वाटी धुऊन पालथी घातली आणि मग म्हणाली, "कोरगुटाचा बी होतां ता. गावात दुसरीकडे नाय."

दोन मुड्यांत आमचा तुकडा जेमतेम लागणार होता आणि त्यातली एक मी देवाच्या नावाने खाऊन बसले होते. मी रडायला लागले.

"रडतंस कित्याक?" वहिनी म्हणाली. "खारां पाणी थोडां आसा काय खाजनात? देवान आपलो वाटो आधीच घेतलो. आता पीक देवक त्याका चुकूचा नाय."

असं म्हणून ती गोठ्यात गेली. तिथे बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तिने मला एकच विचारलं, "सिंधू, तुझ्या वहीत पाण्याचा लिवलेला आसा मां?"

होतं. भांडी घासायला मी मागच्या दारी पायऱ्यांवर बसायची. बांध फुटल्यापासून भरतीचं पाणी त्या पायऱ्यांपर्यंत यायचं, म्हणून तिथीच्या पुढे मी लिहीत असे: पाणी तिसऱ्या पायरीला, पाणी दुसरीला, आज आलंच नाही. आम्ही दोघी ओटीवर बसून दहा महिन्यांची पानं उलटली. अमावास्येला, पुनवेला पाणी वर. अष्टमीला सगळ्यात खाली. हे तर खाडीकाठच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण वैशाखातली वद्य अष्टमी सर्वांत उथळ असावी असं वहीवरून दिसत होतं. आदल्या वैशाखातलं लिहिलेलं नव्हतं, तरी चैत्रापासून पाणी दर अष्टमीला आणखी खाली जात होतं. वहिनीने बोट ठेवलं. "ह्या दिसा बांध मिटूया."

कमिटीचा एकही पुरुष पुढे येईना. वहिनीने मग विहिरीचा विषय धरला. घरोघर जाऊन बायकांना एवढंच विचारलं, "घागरी किती दीस वाहतल्यो?" अष्टमीला सकाळी चौदा बायका बांधावर आल्या. पांडुरंगभावजींनी खाणीवरून रजा काढली आणि त्यांच्यासोबत ट्रकवर काम करणारे सावंतवाडीकडचे तिघे आले. मी बांधावरच्या राखणदार देवाला नारळ ठेवला, सगळ्यांची नावं घेऊन गाऱ्हाणं घातलं आणि पदर खोचून चिखलात उतरले. फोंड्याची सून गुडघाभर चिखलात, असं म्हणून बायका एवढ्या हसल्या की मलाही हसू आलं.

ओहोटीचे तेवढे तास. बांबू ठोकले, मध्ये माडाची झापं बसवली आणि मग कुदळीने कापलेले चिकणमातीचे गठ्ठे हातोहात. वहिनी भगदाडात उभी राहून एकेक गठ्ठा पायाने दाबायची. भरती लागली की थांबायचं, ओहोटी लागली की पुन्हा. नवमीच्या दुपारी दोन्ही बाजू मिळाल्या.

खरी परीक्षा अमावास्येनंतरच्या उधाणाची. तीस मेच्या शनिवारी गोवा राज्य झालं. आमचे हे रेडिओ कानाशी धरून बसलेले. वहिनी सकाळपासून बांधावर. तिला भाकरी द्यायला मी गेले तेव्हा पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर होतं आणि ती ओल्या मातीवर तळहात ठेवून बसली होती, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पाणी चढलं, थांबलं. किती वेळ थांबलं देव जाणे. मग बोटभर खाली उतरलं. त्याच वेळी पेडण्याच्या बाजूने फटाक्यांचा आवाज आला.

"बघ गो," वहिनी म्हणाली, "आपल्या बांधाचे फटाके लागले."

मीठ धुवायला मानशीचं दार बांधून ठेवून पावसाच्या पाण्याने खाजन तीनदा भरू दिलं आणि तिन्ही वेळा ओहोटीला दार मोकळं करून ते सोडून दिलं. रोज सकाळी वहिनी शेतातली चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. "अजून मीठ आसा." दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आसा थोडां." आषाढात एक दिवस थुंकता थुंकता थांबली. "आता भाकरीसारखी लागता."

बी एकाच मुडीचं. घरामागच्या उंच जागेत तिने रोपं केली होती. आमच्याकडे चार-पाच काड्यांचा झुबका एका ठिकाणी लावायची रीत. वहिनीने सांगितलं, "एकेक काडी लावूया. मधी हातभर जागा." आम्ही तसं लावलं. पुरं शेत झालं खरं, पण दिसायला अगदीच विरळ. बाबुरावकाका छत्री घेऊन बांधावरून गेले आणि तिथूनच ओरडले, "चंद्रावती, शेताक टक्कल पडलां गो तुझ्या!"

"केस येतले, काका. तुमचे नाय येवचे, ह्या शेताचे येतले."

श्रावणात मानशीच्या फळीला फट पडली आणि खारं पाणी झिरपायला लागलं. पातींची टोकं करपलेली दिसली. सुतार दोन दिवसांनी येणार होता. वहिनीने घरात येऊन इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या माहेरची वाकळ उचलली. मी "वहिनी!" म्हणेपर्यंत ती अंगणाबाहेर. वाकळ फटीत ठासली गेली आणि दोन दिवस पाणी थांबलं. मी कुरकुरले नाही. खिरीचं उरलेलं देणं म्हणून देऊन टाकली.

मग एकेका काडीला फुटवे आले. सहा, दहा, कुठे पंधरा. चतुर्थीच्या सुमाराला मधली जागा दिसेनाशी झाली. नवरात्रापर्यंत लोंब्या भरल्या, लांब कुसळांच्या, वाऱ्यावर तांबूस दिसणाऱ्या. सगळं खाजन उघडं आणि मध्ये आमचा एक तुकडा उभा.

दसऱ्याला आमच्याकडे दारावर नवं बांधतात, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंडाळून. आदल्या वर्षी गावाने शेजारच्या गावातून लोंब्या मागून आणल्या होत्या. यंदा दसऱ्याच्या सकाळी वहिनीने पहिली पेंढी कापून देवळात ठेवली आणि दुसरी घरी आणली. मी दारावर नवं बांधतेय तोच बाबुरावकाका अंगणात. धुतलेलं धोतर, हातात आंब्याची पानं.

"चंद्रावती, चार लोंब्यो दी गो. दाराक होयो."

वहिनी सूप पाखडत होती. मान वर केली नाही. "खंयच्यो लोंब्यो, काका? माझ्या शेताक टक्कल मां?"

"जाता जाता बोललंय गो. तेवढां धरून बसतंस?"

"तुमी बोललास तां सगळां धरून बसलंय मी," वहिनी म्हणाली. मग उठली, पेंढीतल्या भरलेल्या लोंब्या वेचून त्यांच्या हातात ठेवल्या. "दाराक बांधा. देवाच्या पाया पडा. आनी मगे खुशाल सह्यो करा."

काका लोंब्या हातात घेऊन उभे राहिले. ज्या शेताचं नवं आपल्या दारावर बांधलं, ते शेत बुडवायच्या कागदावर कोण सही करणार? त्यांनी एक लोंबी तळहातावर चोळली, तांबूस दाणा तोंडात टाकला आणि हळूच म्हणाले, "बापाशीच्या वेळेचो वास येता गो ह्येका."

संध्याकाळी सोनं लुटायला सगळे देवळात जमले तेव्हा काकांनी तो भाड्याचा कागद सर्वांसमोर फाडला. वृत्तांत ह्यांनी लिहिला. या वेळी भाषेचा विषय कुणी काढला नाही.

कापणी झाली तेव्हा वहिनीने सगळ्यात आधी बियाण्याच्या मुड्या बांधल्या. नऊ झाल्या. दोन माळ्यावर, सात गावात सात घरांना. दिवाळीच्या पहाटेचे पोहे आम्ही उरलेल्या भाताचे कांडले. तांबडे पोहे, गूळ, नारळ. बाबुरावकाकांनी तीनदा मागून घेतले.

पुढच्या वर्षी सात घरांची शेतं हिरवी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी बावीस. बांध राखणारा माणूस परत ठेवला आणि त्याचा वाटा आता कुणाला जड वाटत नाही. विहिरीचं पाणी तिसऱ्या पावसानंतर गोड झालं. त्या दिवशीच्या पानावर मी फक्त "पाणी गोड" एवढंच लिहिलेलं आहे. बांधाच्या बाहेरची खारफुटी लाटांचा जोर मोडते म्हणून वहिनी तिची फांदी कुणाला तोडू देत नाही. एकदा बाबुरावकाकांच्याच हातातून तिने कोयता काढून घेतला होता. बियाणं ती कधी विकत नाही. एक मुडी न्यायची, पीक आल्यावर दीड आणून द्यायची, आणि पहिली लोंबी आपल्या गावच्या देवाला, एवढ्याच अटी. आता त्यात आणखी एक भर पडलेली दिसते: तुमचा बांध आधी तिला दाखवायचा.

हे लिहीपर्यंत दिवेलागण झाली. समईची बैठक अजून काळीच आहे, तशीच लावते, देव समजून घेईल. मघाशी वहिनीने माळ्यावरून मुडी काढून ओटीवर ठेवली आणि मला हाक मारून म्हणाली, "ही बघून ठेव. खीर करूची नाय." पांडुरंगभावजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

उद्या सकाळी सातच्या बसने वहिनी म्हापशाला जाईल, तिथून डिचोलीची बस पकडेल आणि ती मुडी घेऊन नार्व्याचा बांध बघायला जाईल.